आयतार, सांगोड आणि मुदांस : गोमंतकाच्या किनाऱ्यावरील फुरसतीची काही पाने

शुक्रवारची सायंकाळ झाली, की पत्रादेवीच्या नाक्यावर आणि चोर्ला घाटाच्या वळणांवर मोटारींची रांग लागते. मुंबई, पुणे, बेळगाव, हैदराबाद अशा दूरदूरच्या शहरांतून माणसे दोन दिवसांची सुट्टी घालवण्यासाठी गोमंतकाच्या किनाऱ्याकडे निघालेली असतात. रविवारी रात्री हीच रांग उलट दिशेने परतताना दिसते. हे दृश्य आता इतके अंगवळणी पडले आहे, की किनारा म्हणजे सुट्टीची जागा हे समीकरण जणू अनादी काळापासून चालत आले असावे, असे वाटू लागते. वस्तुस्थिती तशी नाही. ज्या गावांत ही मंडळी विसाव्यासाठी येतात, त्या गावांनाही स्वतःचा विसावा होता. त्याला त्याचे पंचांग होते, त्याच्या वाटा होत्या आणि त्याची माणसेही ठरलेली होती. तो विसावा कोणता होता, कोणाचा होता आणि कोणाच्या कष्टांवर उभा होता, याचा थोडा मागोवा प्रस्तुत लेखात घेण्याचा विचार आहे.

आरंभीच एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. आठवड्यातून एक दिवस काम बंद ठेवण्याची कल्पना आपल्या जुन्या ग्रामजीवनात रूढ नव्हती. वार होते, पण ते देवांचे आणि बाजाराचे. सोमवारी मंगेशीची पालखी निघे, ती आजही निघते. शुक्रवारी म्हापशाचा बाजार भरे, तोही आजवर भरतो. बारदेशातल्या खेड्यांतील माणसाला म्हापशाचा शुक्रवार हा खरेदीचा, भेटीगाठींचा आणि चार बातम्या ऐकण्याचा दिवस होता. परंतु शुक्रवार आहे म्हणून माडावरची सूर उतरवणे थांबत नसे, की शेतातले पाणी फिरवणे राहत नसे. विसावा वाराने येत नसे, तो ऋतूने येई.

आणि या ऋतूंच्या बाबतीत किनाऱ्यावरच्या गावाची एक मोठी गंमत होती. एकाच गावात दोन पंचांगे नांदत. आषाढात शेतकरी गुडघाभर चिखलात लावणी करीत असे, तेव्हा समुद्र खवळलेला असल्याने मच्छीमाराच्या होड्या किनाऱ्यावर ओढून, माडाच्या चुडतांनी झाकून ठेवलेल्या असत. श्रावणातील नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण केल्यावर होड्या पुन्हा पाण्यात जात. उलटपक्षी कार्तिकात भात घरात आले, की शेतकऱ्याला उसंत मिळे. त्याच वेळी समुद्र शांत असल्याने मच्छीमाराचे दिवस धावपळीचे. रापण ओढणे हे काही दोघा-चौघांचे काम नव्हे. किनाऱ्यावरून दोन्ही टोकांनी ते प्रचंड जाळे ओढण्यासाठी सारा वाडा लागे, आणि जो दोराला हात लावील त्याला मासळीचा वाटा मिळे. म्हणजे एकाची फुरसत हा दुसऱ्याचा हंगाम होता. गावाने एकत्र यावे म्हणून या दोन पंचांगांची सांधेजोड करावी लागे, आणि ती सांधेजोड म्हणजेच आपले सण व जत्रा होत.

पावसाळ्यातील फुरसतीचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे सांगोड. दोन किंवा अधिक होड्या एकमेकींना बांधून त्यांवर फळ्यांचा मंच उभारायचा आणि पाण्यावर खेळ करायचे, असा हा प्रकार. बारदेशातील कांदोळीसारख्या गावांत २९ जूनला, सेंट पीटरच्या फेस्ताच्या दिवशी, ख्रिस्ती मच्छीमार सांगोड काढतात. हा संत स्वतः कोळी होता, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. त्याच्या पाच दिवस आधी, २४ जूनला, सांजांवचे फेस्त येते. डोक्यावर पानाफुलांच्या माळा घालून तरुण मुले विहिरींत आणि ओढ्यांत उड्या घेतात, आणि शिवोलीच्या नदीत सजवलेल्या होड्या निघतात. आता तिसवाडीतील कुंभारजुवे गावी जाऊ. तेथे गणेशचतुर्थीच्या सातव्या दिवशी हिंदू ग्रामस्थ होड्यांच्या जोड्या बांधून, त्यांवर पौराणिक देखावे उभारून नदीतून मिरवणूक काढतात. त्या उत्सवाचे नावही सांगोडच. धर्म वेगळा, दैवत वेगळे, तिथी मोजण्याची रीतही वेगळी. परंतु बांधलेल्या होड्या त्याच आणि शब्दही तोच. धर्मांतरामुळे माणसांच्या उपासना बदलल्या, तरी पाण्याने आणि पावसाने घालून दिलेली फुरसतीची घडी पुष्कळ अंशी तशीच राहिली, याचा याहून सरळ पुरावा कोणता हवा? माशेलच्या देवकीकृष्णाच्या प्रांगणात आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी अंगाला तेल लावून खेळला जाणारा चिखलकालाही याच ऋतूचा. ज्या चिखलात शेतकरी महिनाभर राबतो, त्याच चिखलात एक दिवस तो खेळतो.

भात घरात आले, की उत्सवांची दुसरी मालिका सुरू होई. त्रिपुरारी पौर्णिमेला साखळीच्या विठ्ठलापुरात वाळवंटी नदीच्या पात्रात सजवलेल्या छोट्या होड्या सोडल्या जात. पौषातील चांदण्या रात्री मांडावर स्त्रियांचा धालो रंगे. पौषातच फातर्प्याची जत्रा, माघात फोंडा महालातील देवस्थानांच्या जत्रा, फाल्गुनात शिगमो आणि वैशाखात शिरगावच्या लईराईची जत्रा, असा हा क्रम होता. पेडण्यापासून पुढे सावंतवाडी-मालवणच्या मुलखात याच दिवसांत दशावतारी मंडळ्या जत्रेमागून जत्रा करीत हिंडत. मालवणजवळच्या आंगणेवाडीत तर जत्रेचा दिवस पंचांगातही नसे. देवीचा कौल मिळाल्यावर तो ठरे. ज्यांना आज तीन महिने आधी तिकीट काढून सुट्टीचा बेत करावा लागतो, त्यांना याचे आश्चर्य वाटेल. परंतु जिथे सारे गावच जत्रेला जायचे, तिथे दिवस आधी माहीत नसण्याने कोणाचे अडत नसे.

या जत्रांच्या वाटांमागे एक दुःखद इतिहास आहे, तो विसरून चालणार नाही. आज मंगेशी, कवळे, म्हार्दोळ, जांबावली ही जी स्थाने आपण पाहतो, ती त्या देवतांची मूळ स्थाने नव्हेत. मंगेश कुशस्थळीचा, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीचा, शांतादुर्गा केळशीची, म्हाळसा वेर्ण्याची, दामोदर मठग्रामाचा, म्हणजे मडगावचा. ही सारी गावे साष्टी महालातली, नदीमुखाच्या आणि समुद्राच्या सान्निध्यातली. १५४३ साली साष्टी व बारदेश पोर्तुगीजांकडे गेले आणि त्या शतकाच्या उत्तरार्धात देवळे पाडण्याचे सत्र सुरू झाले, तेव्हा भक्तांनी रातोरात मूर्ती हलवल्या. १५६० साली मंगेशाचे लिंग झुवारी ओलांडून प्रियोळला नेण्यात आले. फोंडा महाल त्या वेळी आदिलशाहीच्या अमलाखाली होता, म्हणून तेथे आश्रय मिळाला. देव डोंगराआड गेले आणि पुष्कळ महाजन कुटुंबे मात्र किनाऱ्याकडच्या गावांत राहिली किंवा कालांतराने तेथे परतली. तेव्हापासून या किनाऱ्यावरील हिंदू कुटुंबांचा घराबाहेर पडण्याचा प्रवास समुद्राकडून आत, देवाकडे होऊ लागला. आपला पर्यटनाचा पहिला नकाशा हा असा निर्वासित देवांच्या पावलांनी आखला गेला आहे.

या प्रवासाचे मुक्कामाचे ठिकाण म्हणजे अग्रशाळा. देवळाच्या प्रांगणाभोवती बांधलेल्या या ओवऱ्यांत आणि खोल्यांत जत्रेसाठी, नवस फेडण्यासाठी किंवा नुसत्या कुळदैवताच्या दर्शनासाठी आलेली कुटुंबे राहत. अठराव्या शतकात या देवस्थानांना जे वैभव लाभले, त्यात मराठेशाहीचा मोठा वाटा आहे. कवळ्याचे आजचे देऊळ शाहू महाराजांच्या कारकिर्दीत, त्यांच्या दरबारातील नारो राम मंत्री यांच्या प्रयत्नांनी उभे राहिले आणि १७३८ साली पूर्ण झाले. मंगेशी गाव १७३९ साली देवस्थानास इनाम मिळाले ते पेशव्यांकडून. त्यासाठी खटपट करणारे रामचंद्र मल्हार सुखटणकर हे शिंद्यांच्या पदरी मोठ्या अधिकारावर होते. ग्वाल्हेर आणि इंदूरच्या वाचकांना हे नाते नव्याने सांगण्याचे कारण नाही. उत्तरेत स्थायिक झालेल्या कित्येक कुटुंबांच्या दृष्टीने कोकण किंवा गोवा म्हणजे समुद्र नव्हता. कुळदैवत, उपाध्यायांचे घर आणि अग्रशाळेतील ती एक खोली एवढाच त्यांचा गोवा होता. आधी पत्र टाकायचे, मग आठवड्याचा प्रवास करून यायचे, अभिषेक करायचा, देवळातली घंटा आणि चौघडा ऐकत चार रात्री राहायचे आणि नारळ-प्रसाद घेऊन परतायचे, अशी ती सहल असे. देवस्थानांचा कारभार १८८६ सालच्या आणि पुढे १९३३ सालच्या नियमावलीने पोर्तुगीज सरकारने बांधून टाकला, तरी अग्रशाळेतील हा पाहुणचार चालू राहिला.

जांबावलीचा शिशिरोत्सव हे अशा सामुदायिक स्थलांतराचे अत्यंत रमणीय उदाहरण आहे. फाल्गुनात आठवडाभर मडगावची मंडळी आपल्या मूळ ग्रामदैवताच्या, दामोदराच्या, सान्निध्यात जांबावलीला जाऊन राहतात. दिवसा उत्सव, गुलाल, रात्री नाटके. मठग्रामातून देव गेला, तेव्हा वर्षातून सात दिवस मठग्रामच देवाकडे जाते, असाच याचा अर्थ. आणि येथेच एका गोष्टीचा उल्लेख या पत्रिकेच्या वाचकांसाठी करावासा वाटतो. गोमंतकातील हिंदू घरांत कोंकणी बोलली जाई. परंतु देवळात पुराण मराठीत सांगितले जाई, कीर्तन मराठीत होई आणि उत्सवात नाटकही मराठीच होई. मराठी ही या समाजाच्या फुरसतीची भाषा होती. वर्षभर भातशेती आणि दुकान सांभाळणारा माणूस चैत्र-वैशाखातल्या एका रात्री तोंडाला रंग लावून मंचावर उभा राही. या उत्सवी रंगभूमीने केवढे कलावंत दिले! १९०० साली मंगेशीत जन्मलेले दीनानाथ मंगेशकर यांनी १९१८ साली बळवंत संगीत मंडळी काढली. त्याच मंगेशीच्या देवळाच्या सावलीत जितेंद्र अभिषेकी वाढले. मुंबईतील गोमंतकीयांनी १९१९ साली स्थापन केलेल्या गोवा हिंदु असोसिएशनने पुढे १९६४ साली ‘मत्स्यगंधा’ रंगमंचावर आणले आणि त्याला संगीत दिले अभिषेकींनी. देवळाच्या प्रांगणातील हौस अशी महाराष्ट्राच्या रंगभूमीचे भांडवल झाली.

परंतु या रम्य चित्राची दुसरी बाजू दाखवली नाही, तर तो इतिहास न होता केवळ हळहळ होईल. देवळातील गाणे-नाचणे ज्या कलावंत स्त्रियांच्या सेवेवर चाले, त्यांच्या वाट्याला फुरसत नव्हती, प्रतिष्ठाही नव्हती. केरीच्या केसरबाई केरकर (जन्म १८९२) आणि कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर (जन्म १९०४) याच परंपरेतून आल्या. उस्ताद अल्लादिया खाँ यांची तालीम घेऊन त्यांनी आपल्या गायनाच्या बळावर जी प्रतिष्ठा मिळवली, ती मुंबईत. गावच्या उत्सवाने ती त्यांना दिली नव्हती. घरच्या गृहिणीची स्थितीही वेगळ्या अर्थाने तशीच. जत्रेला आलेल्या पाहुण्यांच्या पंगती उठवताना तिची जत्रा स्वयंपाकघरातच होऊन जाई. म्हणूनच धालो आणि फुगडी यांचे महत्त्व फार मोठे आहे. मांडावरच्या त्या पाच-सात रात्री पुरुषांना तेथे काम नसे. वर्षभराच्या राबणुकीतून तेवढ्या रात्री तिने आपल्यासाठी राखून ठेवलेल्या होत्या. आणि देवळाच्या प्रांगणात कोणी यावे, कोठवर यावे, याचेही निर्बंध होते. गावाच्या सामुदायिक आनंदात सारे गाव सारख्या हक्काने सामील होते, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही.

आता आयतारकडे वळू. कोंकणीत रविवारला आयतार म्हणतात, हिंदू म्हणतात तसेच ख्रिस्तीही. हा शब्द आदित्यवारावरून आलेला. पोर्तुगीज भाषेतील ‘दोमिंगु’ हा प्रभूचा दिवस गोमंतकात आला, तो सूर्याचे नाव धारण करूनच. जुन्या काबिजादींतील ख्रिस्ती गावांत रविवार हा सक्तीचा विसाव्याचा दिवस झाला : सकाळी इगर्जीची घंटा, मिसा, चांगले कपडे, मिसेनंतर पटांगणातील गप्पा आणि दुपारी मासळीऐवजी मांस. १८८३ साली शिवोलीत एका आयरिश धर्मगुरूंनी फुटबॉल आणल्याचे सांगितले जाते. कापणी झालेल्या शेतांत त्या खेळाने असे मूळ धरले, की रविवारची संध्याकाळ आणि फुटबॉल ही जोडी कायमची जमली. त्याच शेतांत धिरयो, म्हणजे रेड्या-बैलांच्या झुंजीही लागत. १९९६ साली उच्च न्यायालयाच्या आदेशाने त्यांवर बंदी आली. हिंदू घरांत आयतार सुट्टी म्हणून शिरला तो मागाहून. १९१० साली पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आले, धर्म आणि राज्य वेगळे झाले आणि हिंदूंना नागरी समानता लाभली. त्यानंतर कचेरी आणि शाळा यांच्या वाटेने रविवार त्यांच्याही दिनक्रमात आला, असे मानावयास हरकत नाही.

सीमेपलीकडे, मुंबईत, रविवार लढून मिळवावा लागला. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांनी केलेल्या मागणीला १८९० साली यश आले आणि १८९१ च्या कारखाना कायद्याने साप्ताहिक सुट्टीला अधिकृत आधार मिळाला. त्या गिरण्यांत रत्नागिरी जिल्ह्यातली माणसे होती. गोदी आणि जहाजांवर गोमंतकीय होते, आणि ते आपापल्या गावाच्या नावाने चालणाऱ्या ‘कूड’ नावाच्या बिऱ्हाडांत राहत. परंतु त्या रविवारात घरी जाऊन येणे शक्य नव्हते. आगबोटीचा प्रवास रात्रभराचा, आणि पावसाळ्यात ती बंद. १८८८ साली मार्मगोव्याची रेल्वे कॅसलरॉकमार्गे ब्रिटिश हद्दीतील लोहमार्गाला जोडली गेल्यावर पावसाळ्यात तो एक मार्ग खुला झाला. चतुर्थीला येणारा मुंबईकर बेळगाव-लोंढ्यावरून दूधसागराचा धबधबा पाहत उतरू लागला. कोकणच्या चाकरमान्याच्या नशिबी मात्र बोटच. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढ अमावास्येला, मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. त्यांत सणासाठी घरी निघालेली माणसे होती. सुट्टी म्हणजे मौज हा अर्थ आज आपण सहज घेतो. त्या पिढ्यांना सुट्टी म्हणजे घर होते आणि त्या घराची वाट जिवावरची होती. गोमंतकाच्या बाबतीत १९५५ सालच्या सत्याग्रहानंतर भारताने नाकेबंदी केली, रेल्वे थांबली आणि १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त होईपर्यंत कित्येक महाजन कुटुंबांना आपल्या देवाची जत्रा पाहता आली नाही.

किनाऱ्यावर जाऊन राहण्याची जी खरीखुरी गोमंतकीय प्रथा होती, तिचे नाव मुदांस. शब्द पोर्तुगीज, अर्थ ‘बदल’, म्हणजे हवाबदल. एप्रिल-मे महिन्यांत मडगावची सुखवस्तू कुटुंबे कोलव्याला आणि बारदेशातली कळंगुटला जाऊन राहत. बैलगाड्यांवर गाद्या, भांडी, तांदूळ, सरपण लादून सारे घर निघे. मुक्काम मच्छीमारांच्या भाड्याने घेतलेल्या घरांत किंवा चुडतांनी शाकारलेल्या खोपींत. सकाळ-संध्याकाळ खाऱ्या पाण्यातील स्नाने. सांधेदुखीवर ती गुणकारी, अशी हिंदू आणि ख्रिस्ती दोघांचीही श्रद्धा. बाकी वेळ पत्ते, गाणी, भेटीगाठी आणि पोरांचे वाळूतील खेळ. ही प्रथा उभी होती ती दोन आधारांवर. भाटकाराला नारळ आणि भाताचे उत्पन्न घरबसल्या येई, म्हणून तो महिनाभर मोकळा राहू शके. आणि पावसापूर्वीच्या त्या दिवसांत मच्छीमाराला चार रोख पैशांची गरज असे, म्हणून तो आपले घर मोकळे करून देई. कारण मे महिना हा जसा मुदांसचा, तसाच ‘पुरुमेंता’चा, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचा. मिरची, सोले, सुकी मासळी, तांदूळ हे सारे पहिल्या पावसाआधी घरात यावे लागे, आणि त्यासाठी मडगावला व म्हापशाला पुरुमेंताची फेस्ते भरत. पाहुण्याच्या भाड्यातून यजमानाच्या चार महिन्यांची तरतूद होई.

मुदांस आणि आजची शनिवार-रविवारची सहल यांतील भेद केवळ दिवसांच्या संख्येचा नव्हे. वर्षानुवर्षे तेच कुटुंब त्याच घरी येई. पोरे एकमेकांच्या नावांनिशी वाढत. भाटकार हा भाटकारच राही आणि कोळी हा कोळीच, हेही खरे. त्या स्नेहात बरोबरी नव्हती. परंतु ओळख होती, आणि महिना संपला की पाहुणा जाई व किनारा पुन्हा गावाचा होई.

ही प्रथा मावळली त्याची कारणेही शोधण्याजोगी आहेत. १९६४ चा कूळ कायदा, १९७५ चा मुंडकार कायदा आणि १९७६ ची कूळ कायद्याची पाचवी दुरुस्ती यांनी भाटकारशाहीचा पाया हलवला. ते न्यायाचेच होते. ज्याच्या घामावर दुसऱ्याची महिनाभराची फुरसत उभी होती, त्याला त्याची जमीन आणि त्याचे घर मिळाले. दुसरीकडे रस्ते झाले, बसगाड्या आल्या, १९७० च्या सुमारास मांडवीवर आणि १९८३ साली झुवारीवर पूल झाला. मांडवीचा पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला, तेव्हा लोकांना पुन्हा फेरीबोटीच्या रांगेत उभे राहावे लागले. पण तोवर सवय बदललेली होती. तासाभरात समुद्रावर जाऊन परतता येऊ लागल्यावर गाद्या-भांडी घेऊन कोण जाईल? महिन्याचा मुक्काम आटून एका संध्याकाळचा झाला.

आणि नेमक्या त्याच वेळी किनाऱ्याला दुसरे पाहुणे मिळाले. साठच्या दशकाच्या अखेरीस हणजूण-कळंगुटला हिप्पी आले. १९७४ साली आग्वादच्या किल्ल्याशेजारी पंचतारांकित हॉटेल उघडले. १९८३ च्या नोव्हेंबरात राष्ट्रकुलाचे नेते विसाव्यासाठी येथे आले. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून युरोपातून थेट विमाने येऊ लागली. देशातही फुरसतीचा आकार बदलत होता. १९८५ साली केंद्र सरकारच्या कचेऱ्यांत पाच दिवसांचा आठवडा आला. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली आणि जी वाट आगबोटीला एक रात्र खाई, ती सर्व ऋतूंत खुली झाली. २०२३ च्या जानेवारीपासून मोपाचा विमानतळही वाहता झाला. शनिवार-रविवार हे जोडपे आता किनाऱ्याचे खरे मालक आहे.

गावाच्या वाट्याला या बदलातून काय आले? सरळ उत्तर देणे अवघड आहे. पाहुण्यांना खोल्या देऊन कित्येक कोळी कुटुंबांनी मुले शिकवली, पक्की घरे बांधली. पूर्वी जो केवळ भाटकाराचा हक्क होता तो समुद्र आज बसचे तिकीट काढणाऱ्या कोणालाही मिळतो. हे लहान लाभ नव्हेत. उलट बाजूस, यांत्रिक ट्रॉलर आल्यावर रापण थकली. सत्तरच्या दशकात रापणकारांनी माथानी साल्ढाणा यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन उभारले आणि १९८० साली मासेमारी नियमनाचा कायदा झाला, तरी सारा वाडा दोराला लागावा अशी सकाळ क्वचितच दिसू लागली. किनाऱ्यावरील बांधकामे भरतीरेषेपासून पाचशे मीटर दूर ठेवावीत, असे इंदिरा गांधी यांनी १९८१ साली किनारी राज्यांना लिहिले आणि १९९१ साली त्याबाबतची अधिसूचना निघाली. तो वाद आजही शमलेला नाही. परंतु मला सर्वांत मोठा वाटणारा बदल वेळेचा आहे. पर्यटनाचा हंगाम ऑक्टोबरपासून मार्चपर्यंतचा, आणि धालो, जत्रा, शिगमो, उत्सवी नाटके यांचा काळही जवळपास तोच. जो तरुण पूर्वी माघाच्या जत्रेत नाटकाच्या तालमी करीत असे, तो आता त्याच रात्री हॉटेलात किंवा शॅकमध्ये दुसऱ्याच्या सुट्टीची सेवा करीत असतो. कधीकाळी शेतकऱ्याची फुरसत हा मच्छीमाराचा हंगाम होता. पण सहा महिन्यांनी पारडे फिरे आणि दोघांनाही आपापला विसावा मिळे. आज परक्याची फुरसत हाच साऱ्या गावाचा हंगाम झाला आहे, आणि हे पारडे फिरत नाही.

निदान पावसाळा मात्र अजून गावाचा आहे. पाऊस कोसळू लागला की शॅक मोडले जातात, १ जूनपासून यांत्रिक होड्यांची मासेमारी दोन महिने बंद होते, आणि कांदोळीच्या पाण्यात सांगोड निघते, माशेलला चिखलकाला होतो, चतुर्थीला कुलुपबंद घरांची दारे उघडतात. या उत्सवांना पाहुण्यांनी कधी जायचेच नाही, असे नव्हे. जाहिराती आता त्यांनाही लागल्या आहेत. पण ज्या उत्सवात पाहणारे अधिक आणि खेळणारे कमी, तो उत्सव फार काळ आपल्या पायांवर उभा राहत नाही, हे उत्सवी नाटकांचे जे झाले त्यावरून आपण जाणतोच.

अखेरीस वाचकांना एक विनंती. बैलगाडीतून मुदांसला गेलेली, अग्रशाळेच्या ओवरीत चार रात्री काढलेली आणि आगबोटीच्या डेकवर पाय मुडपून झोपलेली पिढी आता वयाने फार थकली आहे. या गोष्टी राजपत्रांत किंवा देवस्थानांच्या दप्तरांत सापडत नाहीत. त्या घरच्या जमाखर्चाच्या वह्यांत, उपाध्यायांच्या पत्रांत आणि आजीच्या बोलण्यात आहेत. इंदूर, बडोदे, बेळगाव, हैदराबाद, पणजी, जेथे कोठे आपण असाल तेथे, पुढच्या वेळी कुळदैवताला जाल तेव्हा अर्ध्या दिवसात न परतता एक रात्र अग्रशाळेत काढावी. घरातील वडीलधाऱ्या माणसांना त्यांच्या सुट्टीविषयी विचारावे आणि ती जे सांगतील, ते तारीख घालून लिहून ठेवावे. आपले पूर्वज कसे राबले, हे आपल्याला बरेच ठाऊक आहे. ते विसावले कसे, हे लिहिण्याचे काम अजून व्हायचे आहे.